माझा दांडा नेला तेव्हा

मी एक जुना हातपंप आहे, मित्रांनो. मलावीतल्या एका खेड्यात आंब्याच्या झाडाखाली उभा आहे. वॉर्डाच्या निवडणुकीआधी एका पक्षाने मला इथे बसवलं आणि अंगाला आपला जांभळा रंग फासला. त्या दिवशी बाया माझ्याभोवती नाचल्या. पुढे माझी निगा राखली ती गावातल्याच, पक्षाचं काम करणाऱ्या नासिबेकोने. ती साखळीला ग्रीस लावी, झिजलेले वायसर बदली. गाव तिला माई म्हणे.

पुढच्या निवडणुकीत पक्ष माईलाच उभं करील, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पक्षाने शहरातला एक व्यापारी उमेदवार म्हणून धाडला. माई अपक्ष उभी राहिली. व्यापारी जिंकला, पण आमच्या गावाने मतं माईला दिली होती.

मग पक्षाचा स्थानिक अध्यक्ष चिपेटा पाना घेऊन आला.

"पंप पक्षाचा आहे," तो म्हणाला. "जिला मतं दिलीत तिच्याकडे मागा पाणी."

त्याने माझा दांडा काढून नेला. गावप्रमुख खाली मान घालून बसून राहिला. माझ्या पोटात पाणी होतं, आणि बाया रिकाम्या बादल्या घेऊन नदीकडे वळत होत्या.

गढूळ पाण्याने कॉलरा आला. माईच्या बहिणीची चिमुरडी एलुबी त्यात गेली. तिला पुरून परतताना बहीणच माईला म्हणाली, "ताई, तुझा ताठा आता आमच्या लेकरांना परवडत नाही गं."

माईने पक्षाचं जांभळं कापड कमरेला गुंडाळलं आणि ती चिपेटाच्या अंगणात गेली.

"नाच की," तो म्हणाला. "पंप बसवला तेव्हा नाचली होतीस ना?"

माई नाचली. हे मी पाहिलं नाही. पुढे पाणी भरताना बाया दबक्या आवाजात बोलत होत्या, ते ऐकलं.

दांडा तिनेच आणून बसवला. बोल्ट घट्ट केले आणि पाणी न भरताच निघून गेली. पुन्हा ती माझ्याकडे फिरकली नाही.

आता निवडणूक पुन्हा जवळ आली आहे. परवा पक्षाची माणसं मला नवा रंग देऊन गेली. आतली नळी गंजली आहे, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दारी कोणी पाणी आणलं तर त्याचे आभार जरूर माना. पण दांडा त्याच्या हाती ठेवू नका.