पाच गावांचा माणूस

“गुरुजी, त्या नवातला एखादा घरी गेला, तं त्याची बायको त्याले जेवाले वाढते का?”

हे मी विचारावं म्हणून वच्छलानं पैज लावली होती, ओंजळभर चिंचांची. आमचा अख्खा सातवीचा वर्ग खिदळला. वामनराव गुरुजींनी खडू खाली ठेवला तेव्हा मला वाटलं, आता छडी! पण तेही हसले.

“नसंल वाढत. म्हणून तं बिचारे परमुलखात, ब्रुसेल्सले राह्यतात.”

गुरुजींकडे एका दिवसाचं शिळं वर्तमानपत्र यायचं आणि त्यातलं काहीही ते आम्हाला फळ्यावर काढून दाखवायचे. त्या दिवशी युरोपातली सामायिक बाजारपेठ होती. सहा देशांनी मिळून नऊ जणांचा आयोग नेमलेला. नवे कायदे सुचवायचे ते आयोगानं, ठरलेलं अमलात आणायचं ते आयोगानं, आणि एखाद्या देशानं करार मोडला तर त्याला कोर्टात उभं करायचं तेही आयोगानंच. आणि पदावर बसताना त्या नवांनी वचन द्यायचं, की इथून पुढे मी माझ्या देशाचं ऐकणार नाही, मी सगळ्यांचा. माझ्या तर अंगावर काटाच आला. आपल्याच घरच्यांना असं तोंडावर सांगायचं! केवढी छाती लागत असेल!

घंटा झाली तशी मी पळत घरी आले आणि अंगणात दोरी वळत बसलेल्या आबांना, माझ्या वडलांना, सगळं सांगून टाकलं.

झालं होतं असं, की नव्या जिल्हा परिषदेनं आमच्या भागातल्या पाच गावांत मिळून एक हायस्कूल मंजूर केलं होतं. जागा मात्र पाच गावांनी ठरवून कळवायची. प्रत्येक गावानं एक पंच दिला. आमच्या टाकळीचे पंच म्हणजे आबा, भगवंतराव.

आबा दोरी वळायचे थांबले. “हे ध्यानात ठेवण्यासारखं हाय,” ते म्हणाले. “लिहून दे मले.”

मी नवीन टाक काढला आणि मोठ्या अक्षरात ताव भरून लिहिलं, ‘आजपासून मी माझ्या गावाचा नाही, पाचही गावांचा. पाचांचं भलं पाहून जागा ठरवीन.’ असं अक्षर मी परीक्षेतसुद्धा काढलं नव्हतं. पाचही पंचांनी महादेवाच्या देवळात बेलभंडारा हातात घेऊन माझं वाक्य म्हटलं. बेलभंडारा उचलून बोललेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. मी बाहेर उभी होते, आणि माझा पाय जमिनीवर नव्हता.

जमीन दोनच गावांनी देऊ केली, एक आमच्या टाकळीनं आणि एक नदीपलीकडच्या देऊळखेडनं. दोघं पंच टाकळीकडे झाले, दोघं देऊळखेडकडे. उरले आबा. टाकळीत सगळे निर्धास्त होते, वच्छलानं तर दप्तरही शिवलं होतं.

आबा चार दिवस पाचही गावं पायी फिरले आणि बैठकीत उभं राहून म्हणाले, “देऊळखेडहून कोणतंच गाव दीड कोसाच्या वर नाही. टाकळीहून दोन गावं तीन कोस पडतात. देऊळखेड.”

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर कोणी बसलं नाही. वच्छलाचे वडील उकंडकाका, आबांचे लहानपणचे सोबती, रस्त्यातच थांबून म्हणाले, “पाचाचा झालास नं, भगवंता? मंग चार गावं उरली तुले. आमचं सोड.”

आबा पुढे चालू लागले. माझाच जीव जळत होता. मी तडक गुरुजींकडे गेले. “गुरुजी, त्या नवांनीही असंच केलं असतं नं?”

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. “ते नुसतं सुचवतात, भामा. ठरवतात सहा देशांचे मंत्री. मी सांगतलं होतं त्या दिवशी.”

सांगितलं होतं. फळ्यावर लिहिलंही होतं, अगदी खाली. मी वचन तेवढं उचललं; बाकीचा आयोग फळ्यावरच राहिला. पंचांनी नुसतं सुचवायचं आणि ठरवण्याआधी गावाला माघारी विचारायचं, हे माझ्या कागदात कुठंच नव्हतं. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, पण आबा एकटे पडले नसते.

उकंडकाकांनी वच्छलाचं लग्न संग्रामपूरला जमवलं. पोरगी नदी ओलांडून शिकायला जाणार नाही म्हणाले. हळदीच्या आदल्या दिवशी ती विहिरीवर भेटली.

“काऊन आली नाहीस वं घरी?”

“तुह्ये बाबा...”

“मी तं होती नं घरात.” तिनं पदराखालून भूगोलाची वही काढली. “अर्धी कोरी हाय. तुले कामी येईल.”

मी तिला सांगितलं, ते वाक्य माझं होतं. ती म्हणाली, “मले माहीत हाय. अक्षर पाह्यलं होतं मी,” आणि घागर उचलून गेली. मी वही छातीशी धरून तिथंच बसले, आणि मग जे रडू आलं ते थांबेचना.

जूनमध्ये आबांनी जेवताना विषय काढला. “देऊळखेडले अन्नपूर्णाआत्याकडे राह्य. पावसाळ्यात नदीचा भरवसा नसते.”

“हो, तेच बरं,” माय म्हणाली. “इथं तरी कोण बोलते आपल्याशी?”

मी ताट सरकवलं.

“आबा, माय, मी आत्याकडे राह्यणार नाही. रोज टाकळीतून चालत जाईन अन् रोज वापस येईन, भर पेठेतून, साऱ्यांच्या दारावरून. पूर असला त्या दिवशी घरी बसून धडा वाचीन. वच्छला तं गेली. पण केसरबाईची सुभद्रा औंदा सहावीत हाय. पोरगी नदी ओलांडून जाते अन् धड वापस येते, हे तिच्या बापाले वर्षभर दिसलं पाह्यजे. उद्यापासून जाऊन राह्यली मी.”