झुडपाखाली तीन

सूनबाईचा धोशा, लिहून काढा म्हणजे डोक्यातून जाईल. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात पेन देऊन डोक्यातलं जातं होय? पण रोजची कटकट नको, म्हणून लिहितो.

बत्तीस वर्षं मी टेकडीचा राखणदार. तिथल्या काटेरी झुडपांत लांब मिशांचा एक हिरवा किडा असायचा. पंख नखाएवढे, उडता येत नाही, म्हणून दुसऱ्या कुठल्याच टेकडीवर नाही. ऊन कललं की नर पंखावर पंख घासून ओरडतो, मादी मातीत अंडी खुपसते आणि ती दोन-दोन वर्षं नुसती पडून राहतात. याचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याखाली. हे मला तपासणीला आलेल्या किड्यांच्या मॅडमनेच सांगितलं.

किडा सापडला तर खाण थांबणार, नाहीतर टेकडी फुटणार, असा कागद निघाला होता. पंधरा दिवस मॅडमच्या यंत्राला काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, त्या झुडपाखाली तीन बोलतायत की!"

मुलगा हसला. "बाबा, तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, आणि किडे मोजताय?"

मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बारीक आवाज दोन्ही कानांतून कधीच गेलेत, म्हणाला. मॅडमने 'किडा नाही' असं लिहिलं, आणि चार माणसांत मला म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आठवणी ऐकू येतात."

मी तडक टेकडीवर गेलो. कानांत कापूस कोंबला, तरी आवाज तसाच. वारा सुटला म्हणून दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या, आणि तिन्ही गप्प. बाह्या वर केल्या, पुन्हा सुरू. कोपराच्या खाली कातडी नुसती थरथरत होती.

टेकडी फुटली. तिथे आता खड्डा आहे.

तिसऱ्या वर्षी मॅडम आली, भर उन्हात मनगटापर्यंत बटणं लावून. दिवस कलेपर्यंत आम्ही खड्ड्याच्या काठावर बसलो. मग तिने बटणं सोडून बाह्या वर केल्या, आणि आम्हा दोघांच्या माना एकदमच वर वळल्या, पूर्वी जिथे झुडूप होतं तिथे, खड्ड्यावरच्या मोकळ्या हवेत. ती पुटपुटत मोजू लागली. तिनावर थांबली नाही. अंधार पडला तरी मोजतच होती.

माफी मात्र अजून मागितलेली नाही, किड्यांच्या मॅडमने.