महाराजांनी काढलेली तांबी

चितेगावच्या पुढे, पैठण रस्त्याला लागून पत्र्याचा एक मांडव होता आणि त्या मांडवात देव राहायला आला होता. निदान लोकांचं तसं म्हणणं होतं. सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा. पावसानं वर्षामागून वर्ष दगा दिलेला, विहिरींचे तळ उघडे पडलेले. हंडाभर पाण्यासाठी टँकरमागं धावणाऱ्या बायका गुरुवार उजाडला की हंडे घरी टाकून या मांडवात येऊन बसत. कारण सोडवणे महाराज बायकांच्या पोटातली तांबी काढत. चाकू नाही, चिमटा नाही, डॉक्टर तर नाहीच. नुसत्या कणकेच्या गोळ्यानं काढत.

तांबी म्हणजे कॉपर-टी. पाळणा लांबवायला गर्भाशयात बसवतात ती, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली इवलीशी काडी. महाराजांच्या मते मात्र ती काडी नव्हतीच. "ती नागीण हाये बायांनो," ते सांगत. "रातच्याला पोटातून काळजापत्तोर चढती, ल्योकाचा जीव पिती आन् पहाटं खाली येऊन गपगार बसती." म्हणजे नागिणीला घड्याळही कळत असणार. पण मांडवात बसून असल्या शंका कोण काढतो?

त्या गुरुवारी महाराजांसमोर चटईवर कडूबाई आडवी झाली होती. बजाजनगरात राहणारी, तीन मुलींची आई, वय पंचविशीच्या आतबाहेर. तिच्या आधीची भावंडं दगावली म्हणून आईबापांनी तिचं नावच कडू ठेवलं होतं. देवाला ती कडू लागावी आणि त्यानं तिला उचलू नये, एवढीच अपेक्षा. उशाशी सासू साळूबाई हात जोडून बसली होती. नवरा कचरू वाळूजच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. तो बाहेर पुरुषांत उभा होता. दोन वर्षं झाली, सुनेला दिवस जात नव्हते, आणि घराला तर मुलगा हवा होता.

महाराजांनी तिच्या बेंबीभोवती तीर्थ चोळलं. त्यावर पिवळ्या कणकेचा गोळा ठेवला आणि मंत्र पुटपुटत गोल गोल फिरवायला लागले. बघता बघता गोळा लाल झाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. महाराज घुमले, गोळा मुठीत दाबून फोडला आणि त्यातून एक पांढरी, नागमोडी, प्लास्टिकची वस्तू ओढून वर धरली.

"बघ म्हातारे, तुझ्या सुनंची नागीण. बाळंतपनात डागदरनीनं गुपचूप बसवली व्हती. हिचा बिचारीचा काय दोष?"

साळूबाईला रडू फुटलं. मांडव जयजयकारानं दणाणून गेला. कडूबाईनं मान वळवून ती वस्तू पाहिली आणि तिच्या अंगावर काटा आला. भक्तीनं नव्हे, भीतीनं. तिच्या पोटात खरोखरच तांबी होती, पण ती ही नव्हती.

झालं होतं असं. तिसऱ्या मुलीच्या वेळी कडूबाईच्या अंगावरून इतकं गेलं की ती वाचायची आशा उरली नव्हती. बजाजनगरात एका संस्थेचं छोटं आरोग्य केंद्र होतं, तिथल्या डॉक्टर उमाताईंनी तिला वाचवलं आणि बजावलं, की पुढचं बाळंतपण तुझा जीव घेईल. नवऱ्याला घेऊन ये, मी समजावते. कचरू आला नाही. पोरगा झाल्याबिगर असल्या गोष्टींचं नाव काढायचं नाय, एवढा निरोप त्यानं पाठवला. मग कडूबाई एकटीच गेली. डॉक्टरांनी तांबी तिच्या तळहातावर ठेवली, ती कुठं बसते, काय त्रास होऊ शकतो, कधी काढायची, सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, आता तू ठरव. कडूबाईनं ती उलटून पालटून पाहिली. दोन हात पसरलेल्या बाहुलीसारखी दिसत होती, आणि मधे तांब्याची तार चकाकत होती. तिनं ठरवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माहेरी परत जायची वेळ आली असती, आणि माहेरी तरी काय होतं? कोरडी विहीर.

उमाताईंची संस्था काही आजची नव्हती. औरंगाबादेत एका डॉक्टरीणबाईंच्या ओसरीवर, दाराला चादर लावून ती सुरू झाली, तेव्हा पाळणा लांबवण्याचा शब्द उच्चारला तरी चारचौघी कानावर हात ठेवत. बाई एकेकीशी बोलायच्या, ऐकायच्या, घाई करायच्या नाहीत. पुढं सरकारनं मोहिमा काढल्या आणि घाईचा कारभार आला. साठीच्या दशकात गावोगाव लूपची, म्हणजे तांबीच्या आधी बसवत त्या प्लास्टिकच्या वेटोळ्याची, शिबिरं लागली, शहात्तर साली नसबंदीची धरपकड झाली. लोक ट्रक दिसला की ज्वारीत लपायचे. संस्थेनं त्या वेळी जबरदस्तीला हात लावला नाही, पण लोकांना सगळे डॉक्टर सारखेच. एकदा दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरंच आहे. पण आमचे लोक असे, की ताक फुंकत बसले आणि बाबाच्या हातचं तीर्थ मात्र डोळे मिटून घटाघटा प्यायले. महाराजांचं सगळं दुकान या जुन्या भीतीवर उभं होतं.

चैत्र गेला, आषाढ गेला. पाऊस आला नाही आणि कडूबाईला दिवसही गेले नाहीत. तांबी आपलं काम इमानानं करत होती. साळूबाई पुन्हा मांडवात जाऊन विचारून आली. महाराजांनी डोळे मिटून पाहिलं आणि सांगितलं, की नागीण निघाली खरी, पण जाताना अंडं घालून गेली. आता बोला. ते अंडं जिरवायला सुनेनं मांडवामागच्या खोलीत सव्वा महिना एकटीनं राहायचं, घरच्यांनी भेटायचं नाही. येत्या रविवारी महाराज स्वतः बजाजनगरात येणार होते, दर्शन देऊन सोमवारी तिला घेऊन जाणार होते. कचरूनं बायकोकडं न बघता सांगून टाकलं, की एवढ्यानंही झालं नाय तर मी दुसरी बघतो.

मागच्या गल्लीतली वच्छलाबाई त्या खोलीत राहून आली होती. आल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. दारात बसून नुसती बघत राहायची. त्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून कडूबाई ती गल्लीच टाळायची. गेलं तर ती खोली, आणि खरं सांगितलं तर घराचं दार बंद. इकडं आड, तिकडं विहीर. स्वतःच्या घरात भाकरी थापताना तिला वाटायचं, भिंती रोज एकेक वीत आत सरकतायत.

सासूनं गाठोडं बांधायला सांगितलं. कडूबाईनं चांगली साडी काढली, तीच मांडवात नेसलेली. पाण्याच्या टंचाईत ती धुतलीच नव्हती, तशीच घडी घालून ठेवली होती. काठावर, गोळा लाल होण्याआधी सांडलेले कणकेचे कण वाळून पिवळे डाग पडलेले. वाटीभर पाण्यात तिनं काठ भिजवला, साबण लावला, आणि डाग तिच्या बोटांखाली लालभडक झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरच्या बायकांना पाठ असतं. पण मांडवात शिरताना घरचं शहाणपण चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवायची रीत आहे ना. कडूबाईला मांडवातला गोळा आठवला. मग धाकटीला कडेवर घेऊन, पोरीला खोकला झालाय असं सांगून, ती केंद्रावर गेली.

उमाताईंनी तपासलं. तांबी जागच्या जागी होती. गोळ्याची हकिगत ऐकून त्यांना आधी हसू आलं आणि मग संताप आला. कणकेत हळद असणार, तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी असणार, आणि ती पांढरी वस्तू म्हणजे जुना लूप. संस्थेनं तो बसवणं केव्हाच सोडलं होतं. सोमवारचं ऐकल्यावर त्या गंभीर झाल्या. रविवारी मी सगळ्यांसमोर करून दाखवते, त्या म्हणाल्या, तू तोंड उघडू नकोस, तुझी गोष्ट माझ्याकडून कधीच बाहेर जाणार नाही. कडूबाई मान हलवून परत आली. छातीवरचं ओझं थोडं हललं होतं, उतरलं नव्हतं.

रविवारी टँकर थांबायच्या मैदानात ही गर्दी. महाराजांचं प्रवचन रंगात आलं असताना उमाताई पुढं आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "महाराज, मलाही सिद्धी मिळाली आहे. दाखवू?" महाराज गोंधळले, पण लोकांना तमाशा हवाच होता. एक धडधाकट माणूस पाहिजे, असं डॉक्टरांनी म्हणताच कारखान्यातल्या सोबत्यांनी कचरूला पुढं ढकललं. तो हसत हसत चटईवर आडवा झाला. डॉक्टरांनी पोटाला पाणी चोळलं, पिवळा गोळा फिरवला. गोळा लाल झाला. त्यांनी तो फोडला आणि आतून पांढरा नागमोडी लूप काढून कचरूच्या नाकासमोर धरला.

मैदानात हास्याचा असा लोट उठला की विचारू नका. सोबती ओरडले, "कचरू, तुला कवा बसवली रं?" कचरूचे कान लाल झाले. उमाताईंनी मग एकेक गोष्ट उलगडली. हळदीची कणीक, चुन्याचं पाणी, आणि गोळ्यात आधीच लपवलेला लूप. मऊ प्लास्टिकचा हा लूप कसाही दुमडला तरी सोडताच पुन्हा वाकडातिकडा होतो. त्यांनी एका बाईच्या हातात हळद दिली, दुसरीच्या हातात चुना. दोघींनी कालवलं, आणि लाल रंग बघून त्या एकमेकींकडं खजील होऊन बघायला लागल्या.

पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठले आणि आवाज चढवला. "बाईनं हातचलाखी केली, ती तिनंच कबूल केली. कचरूच्या पोटात काय नव्हतं, हे शेंबडं पोरबी सांगंल. पन त्याच्या बायकोच्या पोटातून म्या काढली, ती खरी. तीच सांगंल. ये माये, पोरींची आन घेऊन सांग."

सगळ्या माना कडूबाईकडं वळल्या. उमाताईंनी तिच्याकडं पाहून मान अगदी थोडी हलवली, नको. हो म्हटलं तर पोरींची खोटी शपथ, डॉक्टर तोंडावर पडणार आणि उद्या ती खोली. गप्प राहिलं तरी तीच खोली. खरं बोललं तर घर गेलं. चारी बाजूंनी माणसं, वर ऊन, बाहेर पडायला वाट नाही. गर्दीच्या कडेला तिला वच्छलाबाई दिसली. ती पहिल्यांदाच थेट तिच्या डोळ्यांत बघत होती.

"तुम्ही काढली ती माझी नाय," कडूबाई म्हणाली. "माझी अजून पोटात हाये. तांब्याची हाये ती, पांढरी नाय. बसवायच्या आधी म्या हातात घेऊन बघितलीया. मीच मागून घेतली."

कचरू चटईवरून उठला, पोटाला लाल कणीक तशीच चिकटलेली. त्यानं हात उगारला. तेवढ्यात साळूबाई मधे आली. तिचं लक्ष लेकाकडं नव्हतंच. डॉक्टरांच्या हातातला लूप तिनं घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि उलटून पालटून पाहिला.

"ही माझ्या टायमाची हाये," ती म्हणाली. "मांडवात बघितली तवाच वळखीची वाटली व्हती. म्हनलं सगळ्या सारख्याच असतील." मग ती हळूहळू बोलायला लागली. गावात शिबिर लागलं होतं. बायकांना रांगेत उभं केलं, काय करणार ते कुणी सांगितलं नाही. रक्त जायला लागलं, महिनोन् महिने थांबलं नाही, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरनं पोटातून हेच काढून दाखवलं होतं. वीस वर्षांत तिनं हे तोंडातून काढलं नव्हतं, नवऱ्याजवळसुद्धा. बोलून झाल्यावर ती सुनेकडं वळली.

"तुला इचारलं व्हतं का गं त्यांनी?"

"व्हय. समदं सांगितलं. मग म्याच हो म्हनले."

"का घेतलीस?"

"पुढल्या बाळंतपनात मेले असते, आत्या. पोरी लहान हायेत."

साळूबाईनं लूप मुठीत आवळला आणि लेकाला सांगितलं, "कचरू, हात खाली घे."

महाराज त्या गोंधळात जीपमध्ये बसून जे गेले ते गेलेच. पुढं मांडवामागच्या खोलीत पोलिसांना जुन्या शिबिरांतून भंगारात निघालेल्या लुपांनी भरलेला डबा सापडला. पोलिसांना त्या खोलीपर्यंत घेऊन गेली ती वच्छलाबाई. कचरू बरेच दिवस बायकोशी बोलला नाही. पण दुसरीचा विषयही त्यानं काढला नाही.

आता कुणी म्हणेल, अडाणी बाया, फसल्या. तसं म्हणून मोकळं होऊ नका. ज्यांना कुणी कधी काही विचारलं नाही, सांगितलं नाही, त्यांना फसवणं सोपं जातं. म्हणून लोकहो, विचारायला शिका. गोळा लाल का झाला, ते बाबाला विचारा. पोटात काय घालताय, ते डॉक्टरलाही विचारा. जो उत्तर देईल त्याच्याकडं जा. जो शपथ घालेल त्याच्यापासून लांब पळा.

पुढच्याच आठवड्यात साळूबाई सुनेला घेऊन केंद्रावर आली. जुनं दुखणं होतं, कधी कुणाला दाखवलं नव्हतं. उमाताईंनी हात धुतले, पडदा ओढला आणि विचारलं, "आजी, तपासू का?"

असं साळूबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "व्हय, तपासा."