पाच वाक्यांची वही

मी एक अर्धवट राहिलेली वही बोलतेय. वर नाव हर्षाचं, इयत्ता आठवी, विषय इंग्रजी. पण मागच्या पानांवर अक्षर तिच्या बाबांचं आहे, भैयालाल यांचं. मान वर करून सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही. तरी सांगते.

भैयालाल भिलाईतल्या एका छोट्या रोलिंग मिलमध्ये कामाला. वीस वर्षं अंगमेहनत केली, तेव्हा कुठे शिफ्ट इन्चार्ज झाले. कुरुद गावातल्या घरी पेढे वाटले गेले. पण पेढ्यांमागोमाग रजिस्टर आलं. शिफ्ट संपली की रिपोर्ट लिहायचा आणि तोही इंग्रजीत! पहिला रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिला. साहेबांनी तो चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. सगळे हसले, भैयालालही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

हर्षा तेव्हा दहावीत होती. तिनं मला कपाटातून काढलं आणि एका कोऱ्या पानावर पाच सुबक इंग्रजी वाक्यं लिहिली. मशीन चालू आहे. माल वेळेवर आला. क्रेन ठीक आहे. माणसं हजर आहेत. सफाई झाली.

"बाबा, रोज हेच उतरवत जा. कोनी नाही हसत."

खरंच कोणी हसलं नाही. डब्याच्या पिशवीत बसून मी रोज मिलमध्ये जाऊ लागले. भैयालाल तारीख तेवढी बदलायचे, बाकी मक्षिकास्थाने मक्षिका. आणि मी? मी मनात फुशारत होते. आपल्यामुळे एका माणसाची अब्रू राहते, असं वाटायचं मला.

एका दुपारी लोड उतरवताना क्रेनचा ब्रेक उशिरा धरला, लोड हातभर जास्तच खाली आला. भैयालाल यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शिफ्ट संपताना त्यांनी मला उघडलं, वरपासून खालपर्यंत दोनदा बोट फिरवलं. ब्रेकचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. माझ्यात सगळं ठीकच होतं. हिंदीत चार शब्द लिहिले असते तरी भागलं असतं, पण चहाच्या वेळचं ते हसू त्यांच्या कानातून गेलं नव्हतं. त्यांनी उतरवलं, क्रेन ठीक आहे. खाली सही केली.

दारातच पुढच्या शिफ्टचा गौरव भेटला. लोडला साखळ्या बांधायचं काम त्याचं.

"काका, सब ठीक?"

आता तोंडी वेगळं सांगावं, तर मग लिहिलं का नाही, असं कोणीही विचारलं असतं.

"हाव, ठीक हाये," भैयालाल म्हणाले.

त्याच संध्याकाळी लोड घसरून गौरवच्या पायावर आला. पायाची तीन बोटं गेली.

चौकशीत रजिस्टर उघडलं गेलं. क्रेन ठीक असल्याचं लिहिलेलं होतं, मग चूक गौरवचीच ठरू लागली. लोडजवळ उभा राहिलाच कशाला? तीन दिवस भैयालाल गप्प राहिले. चौथ्या दिवशी मला मांडीवर घेऊन बसले.

"बाबा, मी लिहून देते ना," हर्षा म्हणाली.

"नाही बेटा. खोटं माह्या हातानं लिहिलं, त खरंही माह्याच हातानं लिहा लागन."

"साहेब हसतीन."

"हसू दे. त्याची लाज नाही वाटत आता. दुसरीच वाटून राहिली."

त्यांनी चार पानं खरडली. हर्षानं लाल पेनानं दुरुस्त करून दिली, पुन्हा खरडली. शेवटी एक पान माझ्यातून फाडून साहेबांकडे गेलं. या वेळी साहेबांनी ते मनातल्या मनात वाचलं. गौरववरचा ठपका पुसला गेला आणि भैयालाल यांची इन्चार्जी गेली.

आता ते रोज माझ्यात इंग्रजीत एकच ओळ लिहितात, पण स्वतःची. काल वरण करपलं. आज गौरवच्या घरी गेलो, तो बोलला नाही. माझी तीनच पानं उरली आहेत. ती संपली की मी रद्दीत जाईन, त्याचं दुःख नाही. एवढंच मागते, कोणाला परकी भाषा शिकवाल, तर काहीतरी बिघडलंय हे सांगणारं वाक्य त्याला आधी द्या.

ते पाच वाक्यांचं पान हर्षा फाडणार होती. मलाही तेच हवं होतं. भैयालाल यांनी तिचा हात धरला. "राहू दे. मले रोज दिसलं पाह्यजे." मग त्याच पानावर, पाचव्या वाक्याखाली, त्यांनी आपल्या वाकड्या अक्षरात इंग्रजीत सहावं लिहिलं, ब्रेक उशिरा धरतो.

हर्षानं लाल पेन उघडलं, वाचलं आणि तसंच बंद केलं. चूक एकही नव्हती.