चार कोपरे

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला तेजश्रीला अडतीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि जाहिरातीत वयाची अट अडतीसचीच होती. म्हणजे दौंडच्या त्या शाळेतली प्रयोगशाळा सहायकाची जागा ही तिची पहिली संधी, आणि शेवटचीही तीच. बीएस्सी होऊन सोळा वर्षं झाली होती, लग्न होऊन निमोण्यात येऊन पंधरा. मधल्या काळात तिच्या रसायनशास्त्राचा उपयोग कोणती साबणपूड हाताला कमी चावते एवढं ओळखण्यापुरताच झाला होता.

अर्ज भरायला तिला अर्धा तास लागला. पाकिटांनी मात्र दोन दिवस खाल्ले. संस्थेनं अर्जाबरोबर एक छापील खाकी लिफाफा दिला होता. अर्ज त्याच लिफाफ्यातून आणि टपालानंच पाठवायचा होता, दुसरा लिफाफा मिळणार नव्हता. शिवाय उमेदवारानं स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट आत घालायचं. मुलाखतीला बोलवायचं झालं तर पत्र त्यातूनच येणार. सोबतच्या कागदावर सात सूचना होत्या आणि सातवी तेजश्रीला झोपेतसुद्धा दिसायची: ‘दोन्ही लिफाफ्यांवर आवश्यक मजकुराखेरीज कोणतीही खूण, चिन्ह वा लिखाण आढळल्यास अर्ज बाद करण्यात येईल.’

असली अट कोणाच्या डोक्यातून निघते देव जाणे. कधीकाळी कोणा पुढाऱ्याच्या भाच्यानं पाकिटावर ओळखीची फुली मारली असेल, आणि आता त्याची शिक्षा साऱ्या तालुक्यानं भोगायची.

आतल्या पाकिटासाठी तिनं शिरूरहून तीन तऱ्हा आणल्या. लांबट पाकीट खाकी लिफाफ्यात बसताना कडेला दुमडायचं, चौकोनी पाकीट फार पातळ होतं, आणि तिसऱ्यावर कोपऱ्यात फूल छापलेलं होतं, ते तर खूणच म्हणून गेलं असतं. शेवटी लांबट पांढरं ठरलं. मग तिकीट पाचचं पुरेल की दहाचं लावावं यावर संध्याकाळ गेली. पत्र दोन पानी निघालं तर? रांजणगावच्या कारखान्यातून पाळी करून आलेला तिचा नवरा दत्ता भाकरी मोडता मोडता म्हणाला, “अगं, नोकरी तुला पायजे का त्या पाकिटाला?” तिनं गपचूप पाचपाचची दोन तिकिटं चिकटवली.

सासरे सावळाराम, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, हे सगळं ओट्यावरून बघत होते. सून नोकरीला जाते म्हणल्यावर भावकीत कुजबूज झाली, तेव्हा “पोरं मी बघतो, तू जा” असं म्हणणारे घरात ते पहिले. सारजाबाई, म्हणजे तेजश्रीच्या सासूबाई, गेल्यापासून देवपूजा आबांकडे होती, आणि या अर्जाचं कामही आता देवपूजेइतकंच महत्त्वाचं झालं होतं. पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ‘आमचा अर्ज’ दौंडला चालल्याचं सांगून ठेवलं होतं.

चौदा तारखेला सकाळी तिनं सगळे कागद पाचव्यांदा मोजून लिफाफ्यात घातले. अठराच्या आत अर्ज पोचायला हवा होता. लिफाफा देव्हाऱ्याजवळच्या फळीवर उघडाच ठेवून ती धाकट्याचा डबा भरायला गेली. परत येते तो लिफाफा बंद, वर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला आणि सुतळी बांधलेली.

“डिंक धरत नव्हता,” आबा म्हणाले. “मी खळ करून चिकटावलं. आतलं पाकीटबी दुमडत हुतं, नीट बसावलं. आता उघड म्हणलं तरी उघडायचं न्हाई.”

बाहेर जीप हॉर्न देत होती. तिनं आबांच्या पाया पडून पिशवी उचलली. बरं झालं, एक काम कमी झालं, असंच तिला वाटलं.

शिरूरच्या पोस्टात रांगेत सहा माणसं होती. दोन माणसं राहिली तेव्हा तिनं सुतळी सोडली आणि वर्तमानपत्र काढलं. खाकी लिफाफ्याच्या चारही कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं होती. लग्नपत्रिकेला लावतात तशी, पण आबांच्या अंगठ्याची, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून मोठी. खाकी कागदावर हळद चिखलासारखी दिसत होती आणि कुंकू उठून दिसत होतं.

तिनं पदराच्या टोकानं एक कोपरा पुसून पाहिला. डाग होता त्याहून मोठा झाला. रांग सोडून ती बाहेरच्या पायरीवर आली आणि तिनं घरी फोन लावला.

“आबा, पाकिटाला कुंकू तुम्ही लावलं?”

“व्हय तर. चांगल्या कामाचं पाकीट हाय. कोरं कसं धाडायचं?”

त्यांचंही खरं होतं. आबांच्या उभ्या आयुष्यात घरातून गेलेली आणि घरात आलेली पत्रं दोनच जातींची. कोपरे रंगवलेलं आलं की कुणाचं तरी लग्न, आणि कोपरा फाडलेलं आलं की कुणीतरी गेलं. कोरे कोपरे म्हणजे त्यांच्या लेखी निरोपच नव्हता. पण हे तेजश्रीला सुचलं फार नंतर. त्या वेळी ती पंधरा वर्षांत कधी बोलली नव्हती तसं बोलली.

“खूण केली तर अर्ज बाद करतात, आबा. सात नंबरला लिहिलंय. सोळा वर्षांनी एक जागा निघाली होती मला, तीबी तुम्ही घालवली.”

पलीकडे आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“असं लिवलंय व्हय त्या कागदात?”

तिनं सातवी सूचना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवली. वाचून होताच आबांनी फोन ठेवला.

ती पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली. खिडकीशी शायना शेख नावाची बाई होती, तेजश्रीच्याच वयाची, चष्मा कपाळावर चढवलेली. तिनं लिफाफा काट्यावर ठेवला.

“रजिस्टर करायचं,” तेजश्री म्हणाली.

“रजिस्टर आता स्पीड पोस्टातच आलं, ताई. सत्तर रुपये. इथून दौंड पन्नास किलोमीटर, पण हे आधी पुण्याला फिरून येणार. परवा पोचंल.” मग तिनं कोपरे पाहिले. “लग्न हाय का कुणाचं?”

तेजश्रीनं सूचनांचा कागदच खिडकीतून आत सरकवला. शायनानं चष्मा डोळ्यांवर घेऊन तो वाचला, लिफाफा वाचला आणि तेजश्रीचा चेहराही.

“तिकीट म्हणजे खूण न्हाई ना?” तेजश्रीनं विचारलं. तिचं तिलाच कळलं नाही हे कुठून सुचलं. “तिकीट तर लावावंच लागतं.”

शायनानं लिफाफा एकदा उलटून पाहिला. “तिकिटं उजव्या हाताला वर लावत्यात,” ती म्हणाली. “पण चार कोपऱ्यांत लावू नका असं माझ्या वाचण्यात न्हाई.”

तिनं ड्रॉवर उघडला. रोजची तिकिटं बारकी निघाली. एक ठेवून पाहिलं तर आबांचा अंगठा तिन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता. मग खालच्या कप्प्यातून तिनं मोठ्या तिकिटांचा ताव काढला, पाचपाच रुपयांची, त्यांवर कुठल्याशा पक्ष्याचं चित्र. सत्तर रुपयांची चौदा झाली.

“एकावर एक चढवू नका. प्रत्येकावर शिक्का बसाया पायजे.”

बाजूच्या टेबलावर तेजश्रीनं चौदा तिकिटं आधी कोरडीच मांडून पाहिली. वरच्या दोन कोपऱ्यांना तीनतीन, खालच्या दोघांना चारचार. पुसायला जाऊन पसरलेला कोपरा सगळ्यात अवघड निघाला. तिथं चार लावूनही कुंकवाची एक बारीक लाल रेघ उरली. तिकीट केसभर सरकवलं की रेघ दुसऱ्या बाजूनं दिसायची. हाताला घाम सुटून डिंक बोटांना लागत होता. शेवटी शायनानं बारकोडचं स्टिकर काढलं आणि ते बरोबर त्या रेघेवर दाबून बसवलं. मग तिनं कोपऱ्याकोपऱ्यावर शिक्के मारले. लिफाफा वाचनालयातल्या जुन्या चिकटवहीसारखा दिसायला लागला, पण कुंकू कुठं दिसत नव्हतं.

“पोचल्यावर मोबाईलवर दिसंल,” शायना म्हणाली आणि पुढच्या माणसाला हात केला.

सोळाला दुपारी मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ आलं. तेजश्रीनं घरात मोठ्यानं सांगितलं, तिकिटांची हकीकतही पुन्हा सांगितली. दत्ता हसला. आबा नुसतं “बरं” म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

तिथून आबा बदलले. पारावर जायचे बंद झाले. दोन भाकरींची एक झाली. दुपारी बाराच्या सुमाराला गावात टपाल वाटणारा खंडू येतो, त्या वेळी ते फाटकाशी उभे असायचे, आणि तो सायकल न थांबवता गेला की आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. तेजश्रीला वाटलं, आपल्या बोलण्यानं म्हातारा दुखावला. चूक त्यांची होती, पण ती निस्तरली होती की. मग आपणच जरा नमतं घ्यावं, असं ती रोज सकाळी ठरवायची. चहाचा कप त्यांच्या हातात देईपर्यंत शब्द तोंडाशी यायचे आणि तिथंच राहायचे. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर आवाज चढवला नाही त्यांची माफी कशी मागतात, हेही तिला ठाऊक नव्हतं.

एकदा त्यांचा सदरा धुवायला घेताना खिशात घडीचा कागद लागला. सात सूचनांचाच कागद होता. हाताळून हाताळून त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. चौथीत शाळा सोडलेल्या माणसानं तो कितीदा वाचला असेल कोण जाणे. तेजश्रीनं तो तसाच फळीवर ठेवला आणि तिला स्वतःचाच फार राग आला. तिचा वाढदिवस आला आणि गेला. आता दुसरी जाहिरात निघाली तरी तिच्या कामाची नव्हती.

तेविसाव्या दिवशी खंडूची सायकल थांबली. तेजश्री चुलीशी होती. आबा आत आले. दोन्ही तळव्यांत धरून आणलेलं पांढरं लांबट पाकीट त्यांनी तिच्यापुढच्या पाटावर ठेवलं आणि बाहेर जाऊन तिच्याकडे पाठ करून ओट्यावर बसले.

पाकिटावर तिचंच अक्षर होतं, तिनंच लावलेली दोन तिकिटं होती. आणि पांढऱ्या कागदाच्या चारही कोपऱ्यांवर, कुठंही न झाकलेली, आबांच्या अंगठ्याची पिवळी-लाल बोटं होती.

त्या दिवशी लिफाफा बंद करण्याआधी आबांनी आतल्या पाकिटालाही कुंकू लावलं होतं. फोनवर ती सातवी सूचना वाचत होती, ‘दोन्ही लिफाफ्यांवर’ म्हणत होती, तेव्हा पलीकडे एकट्या आबांना माहीत होतं की आतलंही रंगलेलं आहे. लिफाफा बंद होता, पोस्टात होता, आणि सून आधीच रडवेली झाली होती. सांगून तरी काय होणार होतं? तेवीस दिवस तो माणूस रुसला नव्हता, भ्याला होता, आणि ती भीती त्यानं एकट्यानं पोटात ठेवली होती.

तिनं पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोळे पुसून ओट्यावर गेली.

“बाद क्येलं का?” आबांनी मागं न वळता विचारलं.

“मुलाखतीला बोलावलंय. मंगळवारी अकराला.”

“कुकू दिसलं न्हाई त्यास्नी?”

“दिसलं असंल की. चारी कोपऱ्यांवर हाय.”

आबांनी उपरणं तोंडावर धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही. तेजश्री त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली. “मी फार बोलले तुम्हाला,” ती म्हणाली. त्यांनी नुसताच हात हलवला.

मंगळवारी सकाळी सगळी प्रमाणपत्रं घातलेली फाईल तिनं देव्हाऱ्यापुढं आणली आणि आबांपुढं धरली. आबांनी दोन्ही हात मागं घेतले.

“आधी पत्र वाच,” ते म्हणाले.

तिनं वाचलं.

“पुन्यांदा वाच. शेवटापातूर.”

तिनं पुन्हा वाचलं, खालच्या सहीच्या नावापर्यंत. खुणांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तेव्हा कुठं आबा उठले आणि त्यांनी फळीवरचा सारजाबाईंचा कुंकवाचा करंडा खाली काढला.