खैरुन्निसाबींचा खिचडा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची देग आहे. देग म्हणजे पंगतीचं अन्न शिजवणारं, जाड बुडाचं मोठं पातेलं. माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा माझ्या अंगावर दागिन्यांसारख्या चमकतात. मी देखणी आहे, हे सांगायला लाज कशाला?

घोरपडे पेठेतल्या खैरुन्निसाबींनी मला घरी आणलं. त्यांचे यजमान मार्केट यार्डात हमाल होते. रमजानात खजूर आणि पाण्यावर रोजा सोडून ते पुन्हा पोती उचलत. बाईंना ते बघवेना. तेव्हापासून दर रमजानात माझ्यात गहू, डाळी आणि मटणाचा खिचडा शिजू लागला आणि संध्याकाळी रोजा सोडणाऱ्या सगळ्या हमालांसाठी रिक्षात बसून मी यार्डात जाऊ लागले. यजमान गेले, तरी बाई थांबल्या नाहीत. वर्षाचे बाकीचे महिने मी माळ्यावर धूळ खात असे. पण रमजानात माझा थाट नवरीसारखा!

यंदा रमजान सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बाईंच्या छातीत दुखलं. त्या दवाखान्यातून परतल्या नाहीत. जनाजा निघाला तेव्हा त्यांची मुलगी तहसीन दाराशी उभी राहून बघत होती. मी अंगणात पालथी पडून होते.

शेजारच्या सत्यशीलाकाकू रोज इफ्तारला डबा आणत. तहसीन खजुराने रोजा सोडायची आणि ताट बाजूला सारायची. पहाटे सहेरीच्या जेवणाला आता कुणी हाक मारत नाही, म्हणून ती आधीच जागी होऊन बसलेली असे.

चौथ्या दिवशी यार्डातले आडते सुदर्शनशेठ भेटायला आले. "ताई, यंदा देगेची काळजी करू नका. आम्ही केळी आणि खजूर वाटतोय."

घरी आलेले तहसीनचे मामूही म्हणाले, "हो बेटा, यंदा राहू दे. तुला दुःख आहे, त्यात रोजा."

तहसीन बँकेत नोकरी करणारी. खिचडा तिला खाता येई, करता येत नसे. ती उठून अंगणात आली आणि तिने मला सुलटं केलं. मग म्हणाली, "मामू, अम्मी गेली म्हणून हमालांची भूक गेली का? उद्या देग चढेल."

मित्रांनो, त्या क्षणी माझं तांबं चुलीशिवाय तापलं!

ईदपर्यंतची सुट्टी काढून दुसऱ्या दिवशी ती घोटायला बसली. खिचडा घोटणं म्हणजे खांदे मोडून काढणारं काम. मध्येच तिची घोटणी थांबली. अम्मी रोज्यातही नुसत्या वासावर मीठ ओळखायच्या. हिला वास येत होता, पण त्यातलं काही कळत नव्हतं. ती तोंडावर ओढणी घेऊन रडू लागली. आई गेल्यापासून अशी मोकळी ती रडलीच नव्हती.

सत्यशीलाकाकू भिंतीपलीकडून धावत आल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं, रडू दिलं. मग वाटीत खिचडा घेऊन चाखला.

"कमी आहे गं मीठ. आणि खैरुनताई असत्या तर म्हणाल्या असत्या, हात का थांबला? बुडाला लागेल."

तहसीन रडता रडता हसली. "तुम्ही रोज चाखायला याल, काकू?"

"न यायला काय झालं? फुकटचा खिचडा मिळतोय," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसत मीठ घालू लागल्या.

त्या संध्याकाळी यार्डात अजान झाली. हमालांनी आधी बाईंसाठी दुवा मागितली, मग खाल्लं. एका म्हाताऱ्या हमालाने विचारलं, "कुणी केलाय?" तहसीनने मान वर करून सांगितलं, "खैरुन्निसाबींच्या मुलीने."

ईदचा चाँद दिसेपर्यंत मी रोज चुलीवर चढले. खिचडा एकदा खारट झाला, एकदा थोडा करपला. तरी मी एकदाही भरलेली परत आले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणा गेलेल्या माणसाचं आवडतं काम अर्धवट राहिलं असेल. ते तुम्हाला त्यांच्यासारखं जमणार नाही. तरी करा. आणि शेजारी कुणी असं काम करताना रडत असेल, तर भिंतीपलीकडे थांबू नका. माझ्यासारख्यांना तेवढी वेळेवर कल्हई करा. बाकीचा भार उचलायला आम्ही समर्थ आहोत.