लक्सरच्या उन्हात अम्मी

अहेरीच्या बाजारात खुर्शीदाबाईंचं बांगड्यांचं दुकान. बाई चंद्रपूरच्या पलीकडे फारशा कधी गेल्या नव्हत्या, पण मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, गोष्टी त्यांना तोंडपाठ. युसूफ पैगंबर तिथे कसे विकले गेले, मूसांसाठी समुद्र कसा दुभंगला, हे सगळं त्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांगड्या चढवता चढवता सांगत. म्हणून पुण्यात इंजिनीअर झालेल्या त्यांच्या लेकीनं, महेकनं, पहिल्याच मोठ्या सुट्टीत दोघींसाठी मिसरची टूर ठरवली. इथवर पोरीला शाबासकीच द्यायला हवी.

टूर पुण्याची, माणसं पुण्याची, आणि त्यांची ती शुद्ध मराठी महेकनंही मोठ्या मेहनतीनं घासूनपुसून अंगवळणी पाडलेली. आदल्या दिवशी विमानातून सगळे पेंगत उतरले, त्यामुळे कोण कुणाचं कोण, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

सकाळी मंडळी लक्सरला जुन्या राजांच्या कबरी पाहायला गेली. डोंगर उघडेबोडके, झाडाचं नाव नाही, आणि ऊन असं की डोळे उघडवेनात. दारावर सामान तपासायचं मशीन होतं. खुर्शीदाबाईंची पिशवी त्यात गेली आणि पडद्यावर गोल गोल काहीतरी दिसलं. पहारेकऱ्यानं पिशवी उपडी केली, तर कांदे! टेबलावरून गडगडत थेट लोकांच्या पायांत.

आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे उन्हाळ्यात खिशात कांदा टाकल्याशिवाय शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. ऊन कांद्याला लागतं, माणूस वाचतो. पण हे पुण्याला कोण सांगणार? रांगेत हशा पिकला. बाईंना वाटलं, लोक खूश झाले. त्यांनी कांदे गोळा केले आणि वाटायलाच घेतले.

"घ्या बाई, पर्समधी ठेवा. लू लागत नाई. आमच्या अहेरीले याच्याहून जास्त तपते!"

पहारेकऱ्यालाही एक दिला. त्या बापड्यानं तो निमूट खिशात टाकला.

महेकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जमीन फाटावी आणि आपण आत जावं, असं तिला झालं. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या दिव्या नावाच्या बाईनं हसता हसता विचारलं, "काय गोड आहेत! कोण या तुमच्या?"

"आमच्याकडे कामाला असतात," महेक बोलून गेली. "आईनं सोबतीला पाठवलंय."

आभाळ कोसळलं नाही. महेकनं मान वळवली तर अम्मी हातभर अंतरावर उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दुपट्टा सारखा केला आणि हात पुढे केला.

"द्या म्याडम, तुमची पिशवी मी घेतो."

आत भिंतीभर चित्रं होती, हजारो वर्षांचे रंग अजून ताजे. महेकला त्यातलं काही दिसलं नाही. आपण किती हलक्या निघालो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. कोपऱ्यात गाठून ती कुजबुजली, "अम्मी, चुकलं माझं. मी सांगते सगळ्यांना."

"गप ऱ्हाय. आता सांगशीन तं तुह्यीच शोभा होईन. मले काई वाटून नाई राह्यलं."

वाटत नव्हतं, तर अम्मी तिच्याकडे बघत का नव्हती? दुपारी जेवायलाही ती बसच्या ड्रायव्हरजवळ जाऊन बसली.

संध्याकाळी लक्सरच्याच एका जुन्या देवळाच्या थोराड खांबांसमोर सगळ्यांचा फोटो ठरला. घरची माणसं जवळजवळ उभी राहा, असं गाइड ओरडला. खुर्शीदाबाईंनी सगळ्यांच्या पिशव्या गोळा केल्या आणि त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. आता मात्र महेकला राहवेना.

"अम्मी!" ती मोठ्यानं म्हणाली. "इकडे ये. माझ्याजवळ उभी राहा."

सगळ्या माना वळल्या. महेक पुढचं बोलणार, त्याच्या आत अम्मीच घाईघाईनं बोलली.

"लहानपनापासून मीच सांभाळलं ना बाई हिले, म्हनून लाडानं अम्मी म्हनते."

दिव्यानं महेकच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे खरोखरच पाणावले होते. "किती चांगले संस्कार आहेत हो तुमच्यावर! कामाच्या बाईला आजकाल कोण आई म्हणतं?"

महेकनं तोंड उघडलं. समोरून अम्मीनं हळूच मान हलवली, नाही म्हणून. फोटोवाल्यानं सगळ्यांना हसायला सांगितलं, आणि शरमेनं मेलेली महेक सगळ्यांबरोबर हसली.